मधल्या किंमतीचा मोबाईल आणि शेतकऱ्याचा हिशेब

बीं-बियाणें व खतें यांजविषयींच्या पत्रांबरोबर हल्लीं मोबाईलविषयींचीं पत्रेंहि आमच्याकडे येऊं लागलीं आहेत. कोणता घ्यावा, किती रुपयांचा घ्यावा, मुलगा म्हणतो तो घ्यावा कीं दुकानदार दाखवितो तो, असे प्रश्न त्यांत असतात. शेतकीच्या मासिकानें या भानगडींत कां पडावें, असें आमच्या कांहीं जुन्या वाचकांस वाटेल. त्यांस आमचें नम्र उत्तर असें कीं, जी वस्तु हातीं नसल्यास खातेदारास आपल्या पिकाची नोंद स्वतः करतां येत नाहीं, ती वस्तु आतां चैनीची राहिली नसून शेतीचें अवजार झाली आहे. आणि अवजाराची परीक्षा करणें हें तर आमच्यासारख्या मासिकाचें कामच आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी महाराष्ट्रभर सुरू झाली. पूर्वीं जी पाहणी तलाठ्यानें करावयाची, ती आतां आधीं खातेदारानें आपल्या हातानें करावयाची असते. आपल्या गटांत उभें राहून पिकाचा फोटो काढावयाचा. आपण कोठें उभे आहों, हें यंत्र उपग्रहांवरून ओळखतें. आणि नोंद सरकारी दप्तरीं जाऊन पुढें सात-बाराच्या उताऱ्यावर उमटते. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई व हमीभावाची खरेदी यांपैकीं पुष्कळ कामीं ही नोंद पाहिली जाते. २०२३ पासून पंतप्रधान किसान सन्मान निधीची ओळखपडताळणीहि मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढें चेहरा धरून करतां येते. बँकेचा ओटीपी त्याच यंत्रावर, बाजारसमितीचे भाव त्याच यंत्रावर, आणि पावसाचा अंदाजहि त्याच यंत्रावर येतो. म्हणजे नांगर मोडला तर एक दिवसाचें काम अडतें, पण मोबाईल ऐन मुदतींत बंद पडला तर एका हंगामाचें अडूं शकतें.

ही गोष्ट केवळ तर्कानें आम्ही सांगत नाहीं. मध्यंतरीं आमच्या मंडळाच्या एका सभासदांचा अडीच वर्षांचा फोन पीकपाहणीची मुदत संपावयास चार दिवस उरले असतां बंद पडला. आंतील बॅटरी फुगून फोनची पाठ उचलली गेली होती. तालुक्याच्या गांवीं दुरुस्ती करणाऱ्यानें सांगितलें कीं, या नमुन्याची मूळ बॅटरी मिळत नाहीं. दुसऱ्या बनावटीची घालावयाची तर पाठ तापवून सोडवावी लागेल, आणि कांच गेली तर जबाबदारी तुमची. त्या गृहस्थांनीं शेवटीं शेजाऱ्याच्या फोनवरून नोंद करून घेतली व ते त्यांतून सुटले. पण फोनमधील फोटो, हिशेब व खतांच्या पावत्या त्याच्याबरोबरच गेल्या. फोन कोणाच्या बनावटीचा होता, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण हा दोष एका कंपनीचा नसून हल्लींच्या एकंदर घडणीचा आहे. तो दोष कोठें आहे व त्यावर उपाय काय, हेंच या लेखांत पाहावयाचें आहे.

परीक्षेसाठीं एखादा नमुना पुढें असल्यावांचून बोलणें मोघम होतें. यास्तव आम्हीं सॅमसंग कंपनीचा गॅलेक्सी ए-३५ हा फोन निवडला आहे. तो मार्च २०२४ मध्यें आपल्या बाजारांत आला. त्या वेळीं १२८ जीबी साठवणीच्या फोनची किंमत ३०,९९९ रुपये व २५६ जीबीच्या फोनची ३३,९९९ रुपये ठेवण्यांत आली होती. दहा-बारा हजारांचा साधा फोन आणि लाखाच्या घरांतील श्रीमंती फोन यांच्या मधल्या पायरीचा हा चांगला प्रतिनिधि आहे. त्याची शिफारस करावी किंवा निंदा करावी, हा आमचा हेतु नाहीं. अशा प्रत्येक फोनकडे कसें पाहावें, तें त्याच्या निमित्तानें दाखवावयाचें आहे. बाजारांत बैल घेतांना आपण रंगविलेलीं शिंगें व पाठीवरची झूल पाहून पैसे मोजत नाहीं. दांत पाहतों, खांदा चांचपतों, चार पावलें चालवून पाहतों. तीच रीत येथें लावूं.

प्रथम शरीर. हा फोन सहा इंचांहून थोडा अधिक लांब व तीन इंचांहून किंचित् अधिक रुंद असून त्याचें वजन २०९ ग्रॅम आहे. सदऱ्याच्या वरच्या खिशांत तो पुरता मावत नाहीं, डोकें बाहेर काढून उभा राहतो. आणि वाकून व्हॉल्व्ह फिरवितांना किंवा विहिरींत डोकावतांना खिशांतून प्रथम पडणारी वस्तु तीच. हा दोष या एका नमुन्याचा नाहीं. मोठ्या पडद्याच्या हौसेपायीं सगळेच फोन असे झाले आहेत. शेतांत जातांना फोन बंडीच्या आंतल्या किंवा झांकण असलेल्या खिशांत ठेवावा, हा त्यावर साधा उपाय. उजव्या बाजूस जेथें बटणें आहेत तेथें कडा थोडी उंच केलेली आहे. दिसावयास ही लहान गोष्ट, पण रात्रीं वीज आल्यावर पाणी द्यावयास निघालेल्या माणसाच्या बोटांस अंधारांत बटण सांपडतें, ही सोय आम्हांस पसंत पडली.

पाठीविषयीं मात्र आमचें मत अनुकूल नाहीं. फोनची चौकट प्लॅस्टिकची असून पाठ कांचेची आहे. महागड्या फोनांत कांचेची पाठ देण्यास निदान एक कारण असतें. तारेवांचून बॅटरी भरण्याची सोय त्यांत असते व ती शक्ति धातूंतून जात नाहीं, कांचेंतून जाते. या फोनांत ती सोयच नाहीं. तेव्हां येथें कांच केवळ झळाळीसाठीं आहे. ती फुटूं नये म्हणून आपण वर रबरी कव्हर घालतों, आणि मग झळाळीहि दिसत नाहीं. पुढची कांच कठीण जातीची आहे हें खरें, परंतु कांच ती कांचच. चांगल्या जाड प्लॅस्टिकची पाठ दिली असती तर फोन हलका झाला असता व स्वस्तहि पडला असता. पण दुकानांतल्या दिव्याखालीं प्लॅस्टिक चमकत नाहीं, आणि फोन विकला जातो तो दुकानांतल्या दिव्याखालीं, बांधावर नव्हे.

याच्या उलट ज्या गुणासाठीं आम्ही या फोनला मनःपूर्वक चांगलें म्हणतों, तो गुण दिसावयाचा नाहीं. त्यास आयपी-६७ असा दर्जा मिळालेला आहे. यांतील सहाचा आंकडा धुळीसंबंधीं आहे. धूळ आंत मुळींच शिरत नाहीं, असा त्याचा अर्थ. सातचा आंकडा पाण्यासंबंधीं आहे. एक मीटर खोल गोड्या पाण्यांत अर्धा तास राहिला तरी यंत्र बिघडूं नये, असा त्याचा अर्थ. मळणीची धूळ, उन्हाळ्यांतील वावटळ व श्रावणांतील सरी यांत वावरणाऱ्या माणसास कॅमेऱ्याच्या मोठमोठ्या आंकड्यांपेक्षां हे दोन आंकडे अधिक मोलाचे आहेत. पूर्वीं ही सोय फार महाग फोनांतच असे. ती मधल्या पायरीवर उतरली, ही या वर्गाची खरी प्रगति होय. तथापि दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ही परीक्षा प्रयोगशाळेंत, नव्या फोनवर व स्वच्छ पाण्यांत होते. फवारणीचें औषध, साबणाचें पाणी किंवा समुद्राचें पाणी यांचा तींत हिशेब नाहीं. दुसरें असें कीं, पाणी अडविणाऱ्या चिकट पट्ट्या वयानें व आपटण्यानें सैल होतात, आणि फोन एकदां उघडला म्हणजे त्या पुन्हां नीट बसवाव्या लागतात. तेव्हां हा गुण संकटांत उपयोगी पडावा. त्याच्या भरंवशावर फोन पाटांत धुवूं नये.

आतां पडदा. तो ६.६ इंचांचा असून त्यांतला प्रत्येक बिंदु स्वतःच्या प्रकाशानें उजळतो. उन्हांत त्याचा उजेड १,००० निट्सपर्यंत चढतो, असें कंपनी सांगते. निट् हें उजेड मोजण्याचें माप आहे. मे महिन्याच्या दुपारीं उघड्या रानांत कोणताहि पडदा घरच्यासारखा दिसावयाचा नाहीं. पण एवढ्या उजेडांत नकाशावरची गटाची हद्द व नोंदीचीं अक्षरें वाचतां येतात, फार तर पाठ उन्हाकडे करून स्वतःच्या सांवलींत फोन धरावा लागतो. स्वस्त फोन घेतांना प्रथम जी गोष्ट हातची जाते ती हीच, आणि दुकानांत ती कळत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं, फोन कोणताहि असो, तो दुकानाच्या पायरीवर, उन्हांत आणून एकदां पाहावा. दुकानदार नको म्हणेल तर दुसरें दुकान पाहावें.

बोटाचा प्रश्न याहून अवघड आहे. या पडद्यास दाब कळत नाहीं. आपल्या शरीरांतून वीज वाहूं शकते, आणि बोट जवळ आलें कीं कांचेखालील सूक्ष्म विद्युत्क्षेत्रांत जो फरक पडतो तो यंत्र ओळखतें. पाणीहि विजेचें वाहक असल्यानें पडद्यावर थेंब पडले म्हणजे यंत्रास ते बोटासारखेच वाटतात व भलतीच बटणें दाबलीं जातात. उलट हातांत जाड रबरी मोजे असले तर खरें बोटहि त्यास कळत नाहीं. पैशाचा व्यवहार ओल्या हातानें किंवा पावसांत करूं नये, असें आम्ही म्हणतों तें याच कारणानें. दुसरी अडचण अंगठ्याच्या ठशाची. या फोनांत ठसा पडद्याखालूनच प्रकाशानें वाचला जातो. खुरपें, दोर व माती यांनीं ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांस अशा ठशाचा अनुभव रेशनच्या दुकानांत आलेलाच आहे. अशांनीं कमी काम पडणाऱ्या हाताचीं दोन-तीन बोटें नोंदवून ठेवावीं व बरोबर सहा आंकड्यांची खूण लक्षांत ठेवावी. ती खूण कव्हरच्या आंत चिठ्ठीवर लिहून ठेवणें म्हणजे कुलुपाला किल्ली बांधून ठेवणें होय.

कॅमेऱ्याविषयीं थोडक्यांतच सांगतों, कारण जाहिरातींत त्याचेंच पाल्हाळ असतें. पाठीवर तीन कॅमेरे आहेत. पन्नास मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा चांगला आहे. त्यांतलें भिंग हात हलला तरी तोल सांवरतें, त्यामुळें सांजवेळींहि फोटो पुसट येत नाहीं. आठ मेगापिक्सेलचा रुंद दृष्टीचा कॅमेरा वाहून गेलेला बांध किंवा आडवें पडलेलें पीक एका चौकटींत घेण्यास उपयोगी आहे. तिसरा पांच मेगापिक्सेलचा, जवळच्या वस्तूंसाठीं म्हणून दिलेला, केवळ संख्या तीन व्हावी म्हणून बसविला आहे, असें आमचें मत आहे. पानावरील मावा किंवा बोंडांतील अळी दाखवावयाची असेल तर मुख्य कॅमेऱ्यानेंच वीतभर अंतरावरून, सकाळच्या कोवळ्या उजेडांत फोटो घेऊन मग तो मोठा करून पाहावा. कृषि सहायकास रोग ओळखावयास स्थिर व स्पष्ट फोटो पाहिजे. मेगापिक्सेल किती, हें त्यांस पाहावयाचें नसतें. पीकपाहणीच्या फोटोस तर याहून पुष्कळ साधा कॅमेराहि पुरतो.

येथवर जमेची बाजू मोठी आहे. आतां ज्या ठिकाणीं हिशेब फिरतो त्या बॅटरीकडे वळूं. तिची शक्ति ५,००० मिलिअँपिअर-तास आहे. साध्या वापरास ती सकाळपासून रात्रींपर्यंत सहज पुरते, आणि वीज चार तास आली तरी २५ वॅटच्या चार्जरनें तेवढ्यांत पूर्ण भरून निघते. तो चार्जर मात्र खोक्यांत मिळत नाहीं, वेगळा विकत घ्यावा लागतो. किंमत विचारतांना तेवढे रुपये मनांत मिळवूनच विचारावी. पण बॅटरीची शक्ति नवी असतांना किती, यापेक्षां ती किती दिवस टिकते, हें महत्त्वाचें आहे. लिथियमची बॅटरी दर भरणीबरोबर थोडी थोडी झिजते, आणि उष्णतेनें फार लवकर झिजते. बहुतेक निर्माते फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस उष्णतेंत वापरावा असें सांगतात. विदर्भ-मराठवाड्यांत वैशाखांतील सांवलीहि याहून अधिक तापलेली असते, आणि पत्र्याच्या मोटारघरांत किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेल्या फोनचें तर काय सांगावें ! ज्या हवेसाठीं ही बॅटरी घडविली ती हवा आपली नव्हे, आणि शेतकऱ्यानें ही गोष्ट विसरूं नये.

या झिजेचें एक माप आपणांस युरोपांतून मिळतें. युरोपीय संघाचा जो नियम २० जून २०२५ पासून लागू झाला, त्याप्रमाणें नव्या फोनची बॅटरी ८०० वेळां पूर्ण भरून रिकामी केल्यावरहि तींत मूळच्या ८० टक्के शक्ति उरली पाहिजे. रोज एक पूर्ण भरणी धरली तर ८०० भरण्या म्हणजे सुमारें सव्वादोन वर्षें. हा तर थंड मुलुखांत केलेला चांगला नियम. तेव्हां आपल्याकडे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फोनची बॅटरी थकणें हें दुर्दैव नसून ठरलेलीच गोष्ट आहे, असें समजून चालावें.

आतां दुसरी बाजू पाहा. फोनच्या आंतील कार्यप्रणाली वेळोवेळीं नवी करावी लागते, नाहींतर चोरांना वाट मिळते व कालांतरानें बँकेचीं आणि सरकारी अ‍ॅप्स त्या फोनवर चालेनाशीं होतात. ए-३५ साठीं कंपनीनें चार वेळां नवी कार्यप्रणाली व पांच वर्षें सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचें वचन दिलें आहे. म्हणजे मार्च २०२४ पासून २०२९ पर्यंत. या किंमतीच्या फोनास हें वचन उत्तम आहे, आणि ज्या स्वस्त फोनांस असें कांहींच वचन नसतें त्यांच्यापेक्षां हा फोन येथें स्पष्टपणें उजवा ठरतो. पण हीं वर्षें आपण फोन घेतल्या दिवसापासून मोजलीं जात नाहींत, तो बाजारांत आल्या दिवसापासून मोजलीं जातात. दोन वर्षांनीं सूट मिळाली म्हणून तोच फोन घेणाऱ्यास तीनच वर्षें मिळतात. म्हातारा बैल स्वस्त मिळतो, यांत नवल नाहीं. दांत मोजून किंमत द्यावी, एवढेंच.

या दोन बाजू जुळवून पाहिल्या म्हणजे सारा घोटाळा उघड होतो. फोनचें डोकें पांच वर्षें चालावयाचें आहे आणि त्याचें हृदय अडीच-तीन वर्षांत थकावयाचें आहे. मग मध्यंतरीं एकदां तरी बॅटरी बदलावीच लागेल, हें घडविणाऱ्यास ठाऊक असूनहि ती पाठीखालीं चिकटवून ठेवलेली असते. पंधरा वर्षांपूर्वींच्या साध्या फोनचें झांकण नखानें उघडत असे व बॅटरी किराणा दुकानांतहि मिळत असे. पाणी व धूळ अडविण्यासाठीं फोन बंदिस्त करावा लागतो, असें यावर उत्तर देण्यांत येतें. आणि वर आम्हींच त्या गुणाची स्तुति केली असल्यानें तें उत्तर आम्ही अगदींच झुगारून देत नाहीं. पण बंदिस्त करणें निराळें व दुरुस्तीस अवघड करणें निराळें. विहिरींत सोडलेल्या पाणबुडी मोटारीहि पाण्यापासून बंदिस्तच असतात. तरी त्या तालुक्याच्या कारखान्यांत उघडून, गुंडाळी भरून पुन्हां विहिरींत जातात.

शेतकऱ्यास हिशेबानें बोललेलें पटतें, म्हणून हिशेब मांडतों. बारा हजारांचा साधा फोन दोन वर्षांत टाकावा लागला तर वर्षाचा खर्च सहा हजार. ३०,९९९ रुपयांचा हा फोन पांच वर्षें चालला तर वर्षाचा खर्च सुमारें ६,२००. बॅटरी व मजुरी मिळून आणखी दोन हजार धरले तरी ६,६००. म्हणजे वर्षाला पांच-सहाशें रुपये अधिक देऊन धूळ, पाऊस व ऊन सोसणारें भरंवशाचें यंत्र पांच वर्षें हातीं राहतें. हा सौदा वाईट नाहीं. परंतु तोच फोन बॅटरी मिळाली नाहीं म्हणून तिसऱ्या वर्षीं टाकावा लागला, तर वर्षाचा खर्च १०,३०० च्या वर जातो, आणि मग स्वस्त फोन घेणाराच शहाणा ठरतो. मधल्या किंमतीचा फोन चांगला कीं वाईट, याचा निकाल अशा रीतीनें त्याच्या पडद्यावर किंवा कॅमेऱ्यावर लागत नसून, तिसऱ्या वर्षीं तालुक्याच्या गांवीं त्याची बॅटरी मिळते कीं नाहीं, या एका गोष्टीवर लागतो. आमच्या लेखाचें तात्पर्य एवढेंच आहे.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. मार्च २०२५ मध्यें याच मालिकेंतील पुढचा फोन, गॅलेक्सी ए-३६, आला. त्यांत कार्यप्रणालीचीं वर्षें वाढवून सहा केलीं, हें स्तुत्य झालें. पण ए-३५ मध्यें मेमरी कार्ड घालण्याची जी जागा होती ती नव्या फोनांतून काढून टाकली. कार्ड ही लहानशी चकती. परंतु फोन मेला तरी ती काढून दुसऱ्या फोनांत घालतां येते, आणि तीवर ठेवलेले फोटो व हिशेब वांचतात. वर सांगितलेल्या आमच्या सभासदांचें जें नुकसान झालें तें या चकतीनें पुष्कळसें टळलें असतें. ए-३५ मध्येंहि दुसरें सिम किंवा कार्ड यांपैकीं एकच बसतें, ही अडचण होतीच. तात्पर्य, नवें तें सर्वच बाबतींत पुढचें असतें, असें समजूं नये.

लोखंडी नांगर आपल्याकडे नवा आला तेव्हां काय झालें, हें आठवावें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ मध्यें आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती व गिऱ्हाईक मिळण्यास पुष्कळ दिवस लागले. पुढें तोच नांगर घरोघर झाला. त्याच्या यशाचीं कारणें अनेक असतील. पण लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर फाळ तेवढा बदलतां येतो, सबंध नांगर टाकावा लागत नाहीं, हें कारण त्यांत लहान नव्हे. झिजणारा भाग वेगळा करतां आला पाहिजे, हा शेतीच्या प्रत्येक चांगल्या अवजाराचा नियम आहे. मोबाईल शेतींत आला आहे. त्यालाहि हा नियम लागू झाला पाहिजे.

आणि ही केवळ आमची हौस नव्हे. वर सांगितलेल्या युरोपीय नियमानें असेंहि ठरविलें आहे कीं, फोनची विक्री थांबल्यावर पुढें सात वर्षें त्याचे मुख्य सुटे भाग दुरुस्ती करणारांस मिळत राहिले पाहिजेत आणि कार्यप्रणालीच्या दुरुस्त्या निदान पांच वर्षें दिल्या पाहिजेत. तींहि वर्षें विक्री थांबल्या दिवसापासून मोजावयाचीं. म्हणजे तेथें गिऱ्हाइकास जें कायद्यानें मिळतें, तें आपल्याकडे कंपनीच्या मर्जीवर अवलंबून आहे. आपल्या केंद्र सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासंबंधीं पोर्टल उघडलें, आणि वस्तु दुरुस्तीस किती सोपी आहे याचा निर्देशांक ठरविण्यासाठीं नेमलेल्या समितीनें मे २०२५ मध्यें आपला अहवाल सादर केला. दिशा योग्य आहे. विजेच्या पंपावर व फ्रिजवर जसे तारे छापलेले असतात तसा दुरुस्तीचा आंकडा फोनच्या खोक्यावर छापला गेला, तर गिऱ्हाइकास दुकानांतच दांत पाहतां येतील. ज्या सरकारनें पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाईलवर सोंपविली, त्यानेंच तो मोबाईल दुरुस्त होण्याजोगा असावा हें पाहणें न्यायाचें आहे. नांगर कोणता घ्यावा, हें सरकार सांगत नाहीं. पण मोबाईलवांचून जेव्हां काम अडतें तेव्हां तें खासगी हौसेचें राहत नाहीं.

कांहीं वाचक म्हणतील कीं, एवढा विचार कशाला ? सर्वांत स्वस्त घ्यावा, बिघडला कीं टाकावा. ज्यांचा व्यवहार फोनवर अवलंबून नाहीं त्यांनीं तसें खुशाल करावें. पण ज्यांच्या नांवें आठ-दहा एकर आहेत, ज्यांचें पीककर्ज, विक्रीचे पैसे व बँकेचें खातें या एका यंत्रांतून जातें, त्यांनीं स्वस्ताईसाठीं सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारा फोन बाळगणें म्हणजे धान्याच्या कोठाराला कडीच न लावणें होय. दुसरे म्हणतील, मुलास हौस आहे, महागडाच घेऊं. त्यांस आमचें सांगणें, कीं लाखाच्या फोनमध्येंहि बॅटरी चिकटविलेलीच असते, आणि विहिरींत पडल्यावर तोहि तितक्याच वेगानें तळाला जातो.

सारांश, मधल्या पायरीचा फोन घ्यावा असें आमचें मत आहे. पण पैसे देण्यापूर्वीं पांच प्रश्न विचारावे. हा फोन बाजारांत केव्हां आला व त्याच्या दुरुस्त्या कोणत्या सालापर्यंत मिळतील ? धूळ व पाणी यांसाठीं त्यास कोणता दर्जा मिळाला आहे ? उन्हांत पडदा वाचतां येतो काय ? मेमरी कार्ड बसतें काय, आणि नसल्यास फोटो व हिशेब दुसरीकडे कसे ठेवावयाचे ? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा : याची मूळ बॅटरी आमच्या तालुक्यांत कोण बदलून देतो, किती रुपयांत, व किती दिवसांत ? पहिल्या चार प्रश्नांचीं उत्तरें दुकानदार हंसत देईल. पांचव्याला तो बहुधा घुटमळेल. एकटा शेतकरी विचारील तर तो घुटमळून गप्प बसेल. पण आमच्या मंडळाचा प्रत्येक सभासद प्रत्येक दुकानांत हाच प्रश्न विचारूं लागला, तर तो प्रश्न दुकानदाराकडून विक्रेत्याकडे व विक्रेत्याकडून कंपनीकडे गेल्यावांचून राहणार नाहीं. वाचकांनीं आपापल्या गांवीं मिळालेलीं उत्तरें आम्हांस कळवावीं. तीं एकत्र करून आम्ही पुढील एखाद्या अंकीं छापूं.